स्टेशनवरची खाट

त्या वॉर्डात खाटा चालायच्या. खाटांना काही पाय फुटले नव्हते, त्यांना चालवायची हेडमास्तरीण.

हेडमास्तरीण म्हणजे पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. तोंडावर सगळे 'सिस्टर' म्हणत, पाठ फिरली की 'हेडमास्तरीण', आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. अंगापिंडाने ठेंगणी, पण दारातून तिने नुसतं "कोण कण्हतंय रे?" विचारलं की कण्हणाराही शरमून गप्प बसायचा. निम्मं आयुष्य तिने त्या एका लांबोळक्या खोलीत काढलं होतं. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "एवढे तीस पुरुष रोज कुरकुरतायत, त्यात घरी आणखी एक कशाला?"

वॉर्डाच्या पुढच्या दाराशी तिचं टेबल. टेबलाला लागून ज्या खाटा होत्या त्या जास्त आजारी असलेल्यांच्या. कुणाला धाप लागलेली, कुणी शुद्धीत नाही, कुणी सुया उपटून टाकतोय, तो तिच्या नजरेखाली. जरा बरं वाटलं की ती त्याला एक खाट मागे सरकवायची. आणखी बरं वाटलं की आणखी एक. असं सरकत सरकत माणूस वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा, जिथे मोठी खिडकी होती, मागच्या गॅलरीचं दार होतं, आणि शेजारी कुणाचं मशीन टुकटुक करत नसे. त्या शेवटच्या खाटेला सगळे 'स्टेशन' म्हणत. स्टेशनवर पोचला, म्हणजे आता घरची गाडी आली की निघाला. ज्या दिवशी कुणी तिथे जाई त्या दिवशी बाकीचे पडल्या पडल्या पेल्यावर चमचे वाजवत. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे आजारी आहेत की वऱ्हाडी.

पद्धत वाईट नव्हती. दोन परिचारिका, एक मावशी आणि तीस खाटा असल्या की डोळे पुरवून वापरावे लागतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग ओरडेल त्याला जवळ आणि गप्प असेल त्याला लांब, हा सरळ हिशेब. मोठे डॉक्टर राउंडला येऊन उंटावरून शेळ्या हाकून जात, वॉर्ड चालायचा तो या हिशेबावर. पण त्यात एक भोक होतं. ते कुणाला दिसलं नाही, आणि त्यातून एक माणूस निसटला.

हेडमास्तरणीच्या घरी तिची आई होती. कंबर मोडल्यापासून आई अंथरुणालाच खिळलेली. सकाळी ड्युटीला निघण्याआधी तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चहात बुडवून बिस्किट भरवायचं. आणि रोज, न चुकता, बिस्किट गिळता गिळता आई म्हणायची, "देवा, ने रे आता एकदाचं." लेक म्हणायची, "नेईल, नेईल, आधी हे दुसरं बिस्किट संपव." आई दुसरंही संपवायची. दहा वर्षं हे चाललेलं. रोज मरे त्याला कोण रडे! मरणाच्या गोष्टी करणारी माणसं मरत नाहीत, चांगली चहा-बिस्किट खातात, हे तिने आपल्याच घरात पाहिलं होतं. आणि घरात जे दिसतं त्याच्यापुढे पुस्तकातलं कोण धरून बसतो?

तर अशा या वॉर्डात पॉलिशवाला आला.

आयुष्यभर त्याने लाकडाला पॉलिश केलं. लोकांची कपाटं, टेबलं, दारं. बंद खोलीत काचपेपर घासायचा, भुसा नाकातोंडात, वर स्पिरिटचा वास, आणि दम खायला थांबला की विडी. फुप्फुसं किती सहन करतील? आता ती आटली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, आणि नळी असूनही खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये दोनदा भिंत धरायची. बायको एका शाळेत झाडलोट करायची. ती शाळा सुटल्यावर येई, हातात कापडी पिशवी, चप्पल दाराशी काढून अनवाणी आत येई, कितीही सांगितलं तरी.

पॉलिशवाल्याने पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. चहा गार म्हणून पेला ढकलला. नळी काढून फेकली. मावशीला बोलला, डॉक्टरला बोलला, बायकोला तर असं काही बोलला की शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरने तोंड फिरवलं. हा ड्रायव्हर ट्रक चालवायचा, त्याच्या पोटात पाणी झालं होतं. त्यानेही जग पाहिलं होतं, तरी त्याला ऐकवेना.

"जगाच्या दारांना पॉलिश करता," हेडमास्तरीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जरा जिभेला करा की!"

"जिभेला करून काय करू? आत वाळवी लागलीये."

"मग वाळवीचं औषध आम्ही देतो. पेला उचला."

त्याने पेला उचलला. त्याला ती आवडायची. आपल्याशी तोडीस तोड बोलणारं कुणी असलं की माणूस जिवंत आहे असं वाटतं. तिलाही तो, उगीच कशाला खोटं सांगा, आवडायचा. तिने त्याला टेबलाजवळच्या अगदी पहिल्या खाटेवर घेतलं होतं.

मग एक दिवस मोठे डॉक्टर राउंडला आले. पायाशी उभे राहून म्हणाले की ऑक्सिजन आता कायमचा सोबती, घरीही लागेल, पायऱ्या चढायच्या नाहीत, आणि कामाचं नाव काढायचं नाही. पॉलिशवाल्याने विचारलं, "मग करायचं काय?" डॉक्टर म्हणाले, "आराम." आणि पुढच्या खाटेकडे वळले.

त्या दुपारी तो हेडमास्तरणीला म्हणाला, "सिस्टर, मला संपवून टाका हो एकदाचं. तुमच्याकडे इतकी औषधं आहेत."

"माझ्या वॉर्डात असली भाषा नाही. संपवायचंच असेल तर ताटातला भात संपवा."

आजूबाजूचे हसले. तोही हसला, खोकला येईपर्यंत हसला. हेडमास्तरणीला आपलं उत्तर फार आवडलं. घरी जाऊन तिने आईलाही सांगितलं.

पण तो थांबेना. बायको अंग पुसून द्यायला लागली की म्हणायचा, "माझं ओझं किती दिवस वाहशील?" ती म्हणायची, "अभद्र बोलू नका." पोरीचा फोन आला की म्हणायचा, "मी काय आता असलो काय, नसलो काय." पोरगी म्हणायची, "बाबा, असा विचारसुद्धा मनात आणायचा नाही." ड्रायव्हरला म्हणाला, "माणूस निरुपयोगी झाला की गेला पाहिजे." ड्रायव्हर म्हणाला, "अहो, धीर धरा, सगळं ठीक होईल." सगळे प्रेमानेच बोलत होते. पण प्रत्येक जण त्याच्या तोंडावर प्रेमाने हात ठेवत होता.

एकदा त्याने नळी फेकली आणि परत लावू देईना. निळा पडेपर्यंत भांडला. तेव्हा हेडमास्तरणीने मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. एवढ्या मोठ्या इस्पितळात मनाची डॉक्टर एकटीच. शरीराला इमारतीच्या इमारती आणि मनाला एका जिन्याखालची खोली! आमच्याकडे हे असंच असतं. या वॉर्डात त्या फक्त गुरुवारी यायच्या. त्यांनी पडदा ओढला, स्टूल घेतलं आणि बराच वेळ बसल्या. पडद्याआडून आधी त्याचा आवाज, मग खोकला, मग रडणं. वॉर्डातल्या लोकांनी रेडिओचा आवाज मोठा केला, म्हणजे त्याला लाज वाटू नये.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "सिस्टर, याला तुमच्या जवळच ठेवा. गोळ्या लिहिल्यात, पण त्यांना वेळ लागतो. पुढच्या गुरुवारी मी परत बसते त्याच्याशी. बोलतोय हे चांगलं आहे."

"बोलतो तर दिवसभर," हेडमास्तरीण म्हणाली. "गरजेल तो पडेल काय, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला थांबल्या. पण खालून बोलावणं आलं होतं, आणि त्या गेल्या.

पुढच्या बुधवारी सकाळी पॉलिशवाला शांत उठला.

शांत म्हणजे गळालेला नाही. हेडमास्तरणीने गळालेली माणसं खूप पाहिली होती, तिला तो फरक कळायचा. हा स्वच्छ शांत होता. त्याने दाढी करून घेतली. भांग पाडला. नाश्ता सगळा खाल्ला आणि मावशीला म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला फार घालूनपाडून बोललो. मनावर घेऊ नका." मावशीला गहिवरून आलं. ती पदराने डोळे पुसत टेबलाशी आली, "बघा हो सिस्टर, माणसाच्या आत देव असतो."

दुपारी त्याने आपला छोटा रेडिओ ड्रायव्हरला दिला. "ठेवा तुम्ही. मला आता नको." ड्रायव्हर म्हणाला, "अहो, घरी लागेल की." तो म्हणाला, "घरी टीव्ही आहे."

संध्याकाळी बायको आली. त्याने तिला खाटेवर बसवून घेतलं. एरवी तो तिला स्टुलावरही धड बसू देत नसे. तिच्या हाताला शाळेतल्या फिनेलने भेगा पडल्या होत्या, तो त्या बघत राहिला. पोरीला फोन लावून द्यायला सांगितलं. पोरीशी बोलला, हसून बोलला, जावयाला सांभाळून घे म्हणाला. बायकोला कपाटाची किल्ली कुठे असते ते सांगितलं, तिला ते ठाऊक होतं तरी. निघताना ती टेबलापाशी थांबली. हेडमास्तरणीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "सिस्टर, माझा माणूस परत आला."

"आला ना? मग जा, आज घरी जाऊन निवांत झोपा. आमचं लक्ष आहे."

हे खोटं नव्हतं. लक्ष होतं, पण ते नळीवर होतं, नाडीवर होतं, ताटातल्या भातावर होतं. ती सगळी लक्षणं सुधारली होती. रक्तातला ऑक्सिजनसुद्धा वर गेला होता. हेडमास्तरणीला इतका आनंद झाला की तिने वॉर्डाच्या इतिहासात कधी केलं नव्हतं ते केलं. गुरुवारी सकाळी पहिल्या खाटेवरून त्याला मधल्या खाटा वगळून थेट स्टेशनवर नेलं. बक्षीस म्हणून. खिडकीतून झाडं दिसतात, हवा येते, शेजारी मशीन नाही. शिवाय पहिली खाट हवीच होती, खालून एक तरुण येत होता, हृदयाचा.

चमचे वाजले. पॉलिशवाला चाकाच्या खुर्चीवरून दोन्ही बाजूंना हात जोडत गेला. एखादा पुढारी निघावा तसा, असं ड्रायव्हर म्हणाला आणि सगळे हसले.

दुपारी मनाच्या डॉक्टरीणबाई आल्या. हेडमास्तरणीने त्यांना दारातच गाठलं. "तुम्हाला उगीच चक्कर पडली, डॉक्टर. तुमचा पेशंट माणसात आला. बघा, स्टेशनवर पोचलाय."

डॉक्टरीणबाईंनी लांबून पाहिलं. वॉर्डाच्या त्या टोकाला खिडकीच्या उजेडात तो बसला होता, दाढी केलेला, भांग पाडलेला. त्याने हात वर केला. त्यांनीही केला. त्यांना त्या दिवशी आणखी सात वॉर्ड होते आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. "छान," त्या म्हणाल्या. "मग पुढच्या गुरुवारी बघते." आणि वळल्या.

भेटीची वेळ झाली, बायको येऊन गेली. तिला शाळेत कसलीशी सभा होती, खुर्च्या मांडायच्या होत्या, म्हणून लवकर निघाली. हेडमास्तरीण मागच्या कपाटातून चादरी काढायला स्टेशनकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, बसा ना जरा."

"बसायला मी काय पाहुणी आहे?" ती चादरी मोजत म्हणाली. "तुम्ही आता बरे झालात, तुमच्यापाशी बसून कसं चालेल? तिकडे तो पोरगा बघा, छातीवर हात धरून बसलाय."

"ते पण बरोबर," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "तुम्ही फार केलंत माझं."

"थांबा, बिल लावते," ती म्हणाली आणि चादरी घेऊन गेली.

पुढे काय झालं ते सांगायला फार नाही. पहिल्या खाटेवरच्या तरुणाला झटका आला, सगळे तिकडे धावले. सगळे म्हणजे सगळेच. त्याला वाचवलं. घामाघूम होऊन, हसत, एकमेकींच्या पाठीवर थाप मारून सगळ्या टेबलाशी परतल्या तेव्हा मावशी चहाची गाडी घेऊन शेवटच्या खाटेपाशी पोचली होती, आणि तिथून ती काहीतरी ओरडली. खाट रिकामी होती. चादर नीट ओढलेली. नळीतून हवा फुसफुसत होती.

तो इस्पितळाच्या आवारातच सापडला, आणि उशीर झालेला होता. कसं, ते हेडमास्तरणीने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आपल्यालाही त्याच्याशी काही करायचं नाही. एक माणूस तीस माणसांच्या मधून उठून गेला आणि कुणाला पत्ता लागला नाही, एवढंच त्यातलं खरं आहे.

चौकशी झाली. मोठे डॉक्टर म्हणाले की पेशंटमध्ये स्पष्ट सुधारणा होती, रिपोर्ट बोलके होते, कुणाची काही चूक नाही. इस्पितळाच्या साहेबांनी मागच्या गॅलरीच्या दाराला कुलूप घालायला सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला. कुलूप लावणारा आला, लावून गेला, आणि वॉर्डात हवा यायची बंद झाली.

मनाच्या डॉक्टरीणबाई मात्र स्वतः आल्या. हेडमास्तरीण औषधांच्या खोलीत उभी होती, हातातली बाटली कधीची पुसत होती.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "मी यायला हवं होतं खाटेपर्यंत."

"मी तुम्हाला दारातून परत पाठवलं."

"मी परत गेले." त्या कपाटाला टेकल्या. "कधी कधी असं होतं. इतके दिवस आत भांडण चाललेलं असतं, जगू की नको. मग माणूस ठरवून टाकतो, आणि भांडण संपतं. म्हणून शांत दिसतो. आपल्याला वाटतं, बरा झाला. एकदम, कारण नसताना शांत झाला तर तेव्हाच जास्त भीती असते."

हेडमास्तरणीने बाटली ठेवली. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला, बाहेर वॉर्ड गप्प झाला. "आयुष्य गेलं माझं इथे. ताप किती चढला की धावायचं, ते सांगितलं. नाडी किती उतरली की कुणाला हाक मारायची, ते सांगितलं. हे का नाही सांगितलं कुणी? जिभेने घाव घालणाऱ्याला मी डोळ्यांसमोर ठेवलं, आणि ज्या दिवशी तो गप्प झाला त्या दिवशी उचलून लांब नेऊन ठेवला. चमचे वाजवून नेला हो त्याला!"

"त्या दिवशी सांगणार होते. घाई होती."

"आणि विचारायचं कसं? असलं विचारलं तर उलट डोक्यात यायचं ना त्याच्या?"

"नाही येत. आधीच आलेलं असतं. विचारलं की माणूस त्या विचाराबरोबर एकटा नाही राहत, एवढंच."

बाहेरून कुणीतरी "सिस्टर" अशी हाक मारली, आणि हेडमास्तरीण गेली, कारण जायलाच लागतं.

संध्याकाळी ती घरी आली. चप्पल काढली, हात धुतले, आईच्या पाठीखाली उशी सरकवली. आईने सवयीप्रमाणे म्हटलं, "देवा, ने रे आता एकदाचं."

लेकीने बिस्किट पुढे केलं नाही. ती खाटेच्या कडेवर बसली. "आई, खरंच मरावंसं वाटतं का गं तुला?"

आईने तिच्याकडे पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायला वेळ लागतो, पण आलं.

"कधी सवयीने म्हणते," ती म्हणाली. "कधी खरंच वाटतं. तू दुपारभर नसतेस, पंखा फिरत असतो, तेव्हा वाटतं. आज इतक्या वर्षांनी विचारलंस."

हेडमास्तरणीने आईचा हात धरला, तर तो किती हलका झालाय ते तिला आज कळलं. रोज तोच हात पुसत होती. रोज. त्या घरात त्या संध्याकाळी दिवा लावायचंही राहून गेलं, आणि दोघी बायका अंधार होईपर्यंत तशाच बसल्या. त्याने काही हलकं झालं असं नाही. नुसतं इतकंच झालं की आता दोघींना माहीत होतं.

चार दिवसांनी पॉलिशवाल्याची बायको सामान न्यायला आली. चप्पल दाराशी काढून, अनवाणी, कापडी पिशवी घेऊन. सामान काय असणार? एक टॉवेल, दोन सदरे, कंगवा, चष्मा. ड्रायव्हरने रेडिओ पुढे केला. ती म्हणाली, "असू द्या. तुम्हाला दिलाय ना त्यांनी." त्याने तो उशीखाली ढकलला. पॉलिशवाला गेल्यापासून तो वाजला नव्हता.

हेडमास्तरणीने तिला औषधांच्या खोलीत नेलं, स्टूल दिलं. काय बोलायचं ते ती रात्रीपासून जुळवत होती. तिला वाटत होतं, ही बाई ओरडेल. ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, एक कानाखाली वाजवावी. वॉर्डातल्या शिव्यांची तिला सवय होती, ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तिला येत होतं. पण ही बाई गप्प होती. आणि गप्प माणसाची आता हेडमास्तरणीला भीती वाटत होती.

"बाई," ती म्हणाली, "माझं चुकलं. त्यांना मी टेबलापासून लांब नेलं. ते बसा म्हणाले, मी बसले नाही. डॉक्टर आल्या होत्या, त्यांना मीच परत पाठवलं. मला वाटलं, बरे झाले."

बायको टॉवेलची घडी घालत होती. घातलेली घडी मोडून परत घालत होती.

"मला पण वाटलं," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळणार होतं? आम्हाला कळायला हवं होतं."

तिने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग ती टॉवेलकडेच बघत बोलू लागली, जसं काही ती हे पहिल्यांदाच स्वतःलाही सांगत होती.

"बुधवारी मी घरी गेले ना, सिस्टर, तर मला भूक लागली. किती महिने नुसतं काहीतरी पोटात ढकलत होते. त्या दिवशी खरी भूक लागली. भात टाकला. गरम गरम घेतला, परत घेतला. पातेलं पुसून खाल्लं. शेजारीण म्हणाली, आज काय विशेष? मी म्हटलं, आमचे हे हसले आज." तिने टॉवेल पिशवीत ठेवला. "ते इथे जायचं ठरवून बसले होते, आणि मी तिकडे जेवत होते. पोटभर जेवले हो मी."